वसंतात आकाश रिकामं असतं का?



मागच्या दोन लेखांत वाळवणं आणि अष्टाह्निक पर्वातल्या फराळाबद्दल लिहिलं होतं. आजचा विषय वाचून काही जणी म्हणतील, हिला गच्चीवर आता काय नवीन सुचलं? पण हाही घरातलाच विषय आहे. थोडा धीर धरून वाचा.

आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर आकाशाचे फोटो काढायचा नाद लागला. गच्चीवर छोटी दुर्बीण, ८० मिलिमीटर भिंगाची. ती ताऱ्यांबरोबर हळूहळू फिरवणारं जड यंत्र, त्याला हे माउंट म्हणतात. मागे काळा-पांढरा कॅमेरा, त्याच्यापुढे फिल्टरची चकती. सगळं मिळून दोन-अडीच लाख रुपये गेले. तेव्हा मी कुरकुर केली होती, खोटं कशाला सांगू!

दिवाळीनंतर ह्यांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. जीव वाचला, चालताही येऊ लागलं, पण उजव्या हातात जोर राहिला नाही आणि गच्चीचा जिना बंद झाला. बोलताना शब्द अडतो. शब्द अडला की हे गप्प बसतात, आणि पुढे पुढे तर आधीच गप्प बसायला लागले. दुर्बीण चादरीत गुंडाळून कोपऱ्यात. माघ संपता संपता मुलाचा फोन आला, "आई, ते सामान पडून खराब होईल. चांगली किंमत येतेय तोवर विकून टाका." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मी ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "विक. तसंही वसंतात नॅरोबँडला काही नसतं."

आता मी पडले बी. कॉम. लग्नाआधी दोन वर्षं एका चार्टर्ड अकाउंटंटांकडे कामही केलंय. कुणी आकडा सांगितला की व्हाउचर बघितल्याशिवाय तो मानायचा नाही, ही तिथली शिकवण. "काही नसतं" म्हणजे नक्की किती नसतं? विकायचं की नाही ते नंतर ठरवू, आधी हे विधान तपासू, असं मी ठरवलं.

नॅरोबँड म्हणजे काय ते मला ह्यांनीच पूर्वी सांगितलं होतं, पण कळलं स्वयंपाकघरात. आपण पाणी दुहेरी कापडातून गाळतो ना, तसंच हे. गावातले दिवे, चंद्राचा उजेड, धुळीवरून पसरणारा प्रकाश, हे सगळं आकाशात मिसळलेलं असतं. पण आकाशातले काही वायूचे ढग, म्हणजे तेजोमेघ, अगदी ठरावीक रंगातच चमकतात. हायड्रोजनचा लाल ६५६.३ नॅनोमीटरला, ऑक्सिजनचा हिरवट निळा ५००.७ ला. फिल्टर तेवढाच रंग आत सोडतो. आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. त्या तीनशेतले आमच्या फिल्टरमधून फक्त सात आत येतात. बाकीचं गाळलं जातं. म्हणून तर आमच्यासारख्या सांगलीतल्या भर वस्तीतल्या गच्चीवरून, समोर पालिकेचा पांढराफेक दिवा असतानाही, काही पदरात पडतं.

मग वसंतात का नाही? कारण असं आहे. वायूचे ढग बहुतेक सगळे आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यात असतात. थंडीत मृगाच्या बाजूने तो पट्टा डोक्यावर असतो, पावसाळ्याच्या तोंडाशी वृश्चिक-धनुकडून परत येतो. मधे, फाल्गुन-चैत्रात, रात्री दहाच्या पुढे डोक्यावर येतात सिंह, कन्या आणि अरुंधती केश. त्या दिशेला आपण आकाशगंगेच्या चपट्या थाळीतून बाहेर, उभं वर बघत असतो. मधे वायू फारसा नाही, म्हणून पलीकडच्या दूरच्या दीर्घिका दिसतात. पण दीर्घिकांचा प्रकाश म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा मिळून झालेला सगळ्या रंगांचा प्रकाश. आमच्या गाळण्यातून तो जवळजवळ सगळा अडतो. म्हणजे ह्यांचं म्हणणं पाया नसलेलं नव्हतं.

तरीही मी वही घेतली. संगणकावर स्टेलॅरियम नावाचं फुकट मिळणारं आकाशाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात आमचं गाव घातलं आणि रकाने आखले. वस्तूचं नाव, रात्री नऊला क्षितिजापासून उंची, आकार, कोणता वायू, किती तास मिळतील, चंद्र किती लांब. संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी आमची जेवणं होतात, भांडी आवरून साडेसातला मी मोकळी. रात्रीभोजन त्यागाचा असाही उपयोग होतो, हे मला या वयात कळलं.

दोन रात्री आकडे भरल्यावर एक गोष्ट लक्षात आली. हे ज्या याद्या वाचायचे, त्या युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी त्यांच्या आकाशासाठी केलेल्या. ते लोक ४०-५० अक्षांशांवर राहतात, आपण १७ वर. त्यांच्या वसंतात आकाशगंगा क्षितिजाशी झोपलेली असते. आपल्याकडे मात्र ती दक्षिणेकडून, अगस्त्याच्या खालून, नौकेच्या तारकासमूहातून जाते. तिथे तेजोमेघांची खाणच आहे. लंडनहून जे कधीच उगवत नाही, ते आपल्याला चांगलं २७ अंश वर मिळतं. दहा-बारा हजार वर्षांपूर्वी फुटलेल्या एका ताऱ्याचे धागे तिथे पसरलेत. त्यातला एक पेन्सिलीसारखा सरळ तुकडा १८३५ साली जॉन हर्शेल यांनी पहिल्यांदा पाहिला, तोही दक्षिण आफ्रिकेत जाऊन. आणि आम्ही गच्चीवरून!

मी वही घेऊन ह्यांच्या खोलीत गेले. "अहो, हे बघा, काही नाही कसं?" ह्यांनी चष्मा लावला, वही डाव्या हाताने धरली आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "धूर."

एकच शब्द, पण बरोबर होता. आमच्या दक्षिणेला उसाचं रान. फाल्गुनात तोडणी संपत आलेली असते आणि रोज कुठे ना कुठे पाचट पेटवलेलं असतं. त्यात किती जीव जळत असतील, ते मनात आलं की मी त्या बाजूला बघतच नाही. तरी एक रात्र प्रयत्न केला. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा माउंट वर चढवायला आला. २७ अंशांवरचे ते धागे फोटोत उमटले, नाही असं नाही, पण मळलेल्या काचेतून बघावं तसे. नौकेतला मोठा तेजोमेघ तर आपल्याकडून जेमतेम १३ अंशच वर येतो, तो धुरातच बुडाला. कागदावर जमा दिसणारी रक्कम वसूल झाली नाही. बुडीत खाती टाकली.

मग रकाने नव्याने लावले. उंची ५० अंशांहून जास्त, म्हणजे धुराच्या वर. आणि फक्त वायूच्या रंगात चमकणाऱ्या वस्तू. आता यादी लहान झाली, पण भक्कम झाली. सप्तर्षीत एम ९७, ज्याला घुबड म्हणतात. वासुकीत एनजीसी ३२४२, कर्क राशीत एबेल ३१, मिथुनेत आयसी ४४३ आणि एबेल २१. आयसी ४४३ हे फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष, पण ते रात्री दहापर्यंत पश्चिमेला कलतं. बाकीचे चारही ग्रहीय तेजोमेघ. ग्रहांशी त्यांचा काही संबंध नाही. जुन्या दुर्बिणींतून ते ग्रहासारखे गोल दिसायचे म्हणून नाव पडलं. आपल्या सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की बाहेरचे थर सोडून देतो, आत छोटा तापलेला गाभा उरतो, आणि त्याच्या किरणांनी ते सोडलेले थर काही हजार वर्षं चमकत राहतात.

हे मी मोठ्याने वाचत होते. "काय निवडायचं?" म्हणून विचारलं. ह्यांनी एबेल २१ वर बोट ठेवलं. जॉर्ज एबेल यांनी १९५५ साली शोधलेला. ग्रीक गोष्टीतल्या सापांचे केस असलेल्या मेडुसावरून त्याचं नाव पडलंय. आपल्यापासून सुमारे दीड हजार प्रकाशवर्षे दूर, आकाराने पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण एक तृतीयांश. फाल्गुनात रात्री साडेआठच्या सुमारास आपल्या जवळजवळ डोक्यावर येतो. हायड्रोजनही देतो, ऑक्सिजनही देतो. पण मंद आहे, घाई करून मिळत नाही.

पुढचं काम चंद्राचं. इथे माझं पंचांग कामी आलं. नॅरोबँडला चंद्र चालतो असं म्हणतात, पण त्यातही भेद आहे. हायड्रोजनच्या लाल रंगाला चांदण्याचा फारसा त्रास नाही. ऑक्सिजनच्या रंगाला बराच होतो. म्हणजे शुक्ल पक्षाचे शेवटचे दिवस हायड्रोजनला, आणि कृष्ण षष्ठी-सप्तमीनंतर, चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवायला लागला की ऑक्सिजनला. शिवाय चंद्र त्या वस्तूच्या जवळ नको. तो कुठे आहे हे कालनिर्णयातल्या नक्षत्राच्या रकान्यातच लिहिलेलं असतं. एक नक्षत्र म्हणजे तेरा अंश वीस कला. आमचा तेजोमेघ पुनर्वसूच्या भागात. फाल्गुन शुक्ल दशमी-एकादशीच्या आसपास चंद्र नेमका तिथेच, म्हणून ते दिवस सोडायचे. पौर्णिमेला तो फाल्गुनीत पोचतो, म्हणजे पन्नासएक अंश लांब. गंमत बघा, अर्ध्या-पाऊण चंद्रापेक्षा पूर्ण चंद्राची रात्र आम्हाला जास्त सोयीची! हे मी ह्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली, आणि पहिल्यांदाच पुढचा प्रश्न विचारला, "फोकस कोण करणार?"

व्यवस्था अशी ठरली. वरच्या कामाला मी आणि शेजारचा मुलगा, खाली संगणकापाशी हे. गच्चीवर संगणक ठेवायचा नाही, कारण पडद्याच्या उजेडावर किडे येतात आणि मरतात. मी हातात लाल काचेची मंद बॅटरी घेते, तिच्यावर जवळजवळ येत नाहीत. माउंट ध्रुवाकडे रोखावं लागतं. आपल्याकडे ध्रुव फक्त १७ अंश वर, आणि आमच्या उत्तरेला शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. पहिल्या दिवशी ध्रुव टाकीआडच. तिवई चार फूट सरकवून तो दिसला. मुलगा म्हणाला, "काकू, काकांनी इथे लाल रंगाची खूण केलेली आहे की!" खरंच होती. त्यांनी सगळं करून ठेवलं होतं, मी कधी वाकून पाहिलं नव्हतं.

दुपारी मंदिरात विधान, संध्याकाळी सामायिक आणि रात्री गच्ची. चतुर्दशीपासून तीन रात्रींत पाच-पाच मिनिटांचे ४८ फोटो हायड्रोजनचे, म्हणजे चार तास. खाली हे डाव्या हाताने माउस धरून एकेक फोटो तपासत होते. मग कृष्ण सप्तमीला चकती फिरवून ऑक्सिजनचा फिल्टर लावला. तीन तास, ३६ फोटो. मी खुशीत खाली आले, तर पडद्यावर सगळे तारे पुरीसारखे फुगलेले. फिल्टर बदलला की फोकस पुन्हा नीट करावा लागतो. वहीत पहिल्याच पानावर मी स्वतःच लिहून ठेवलेलं, आणि ह्यांनी दोनदा विचारलेलं. मी "हो हो, केलाय" म्हणाले होते. हायड्रोजनचा केला होता, ऑक्सिजनचा नाही.

पूर्वी हे असं कुणी केलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. मी उभी राहिले ऐकायला. हे पडद्याकडे बघत होते. मग त्यांचा खांदा हलायला लागला. हसत होते. झटक्यानंतर तोंड थोडं वाकडं होतं, त्यामुळे हसूही एका बाजूनेच, पण हसू होतं. "तीन तास... पुऱ्या... तळल्या," म्हणाले. दिवाळीनंतरचं त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य. मला रडू आवरेना आणि शेजारचा मुलगा बिचारा समजेना काय झालं ते.

पुढच्या पाच रात्रींत ऑक्सिजनचे ६० फोटो नव्याने घेतले. गंधकाचाही फिल्टर आहे, त्याला यंदा हात लावला नाही. पाडव्याच्या दोन दिवस आधी सगळं जुळवून ह्यांनी चित्र तयार केलं. अर्धचंद्रासारखी लाल कडा, तिच्यात गुंतलेले धागे, आणि आत निळसर धुकं. पूर्ण चौकटीत बोराएवढं. पण होतं.

मंदिरातल्या स्वाध्यायात मी मोबाईलवर ते दाखवलं तेव्हा एकीने विचारलं, "हे रंग खरे का गं?" चांगला प्रश्न आहे. कॅमेरा काळा-पांढरा, त्यामुळे रंग आपण देतो. हायड्रोजनला लाल, ऑक्सिजनला हिरवा-निळा. हायड्रोजनच्या फोटोत जाड कडा दिसते आणि आतलं धुकं जवळजवळ नसतंच. ऑक्सिजनच्या फोटोत आतला भाग भरलेला दिसतो. कुठला खोटा? एकही नाही. प्रत्येकाने आपल्या फिल्टरपुरतं खरं सांगितलंय. अनेकांतावर इतकी प्रवचनं ऐकली, पण नय म्हणजे काय ते मला या दोन काळ्या-पांढऱ्या फोटोंनी समजावलं. आणि दोन्ही जोडून झालेलं चित्रसुद्धा पूर्ण नव्हे, गंधकाचं म्हणणं अजून ऐकायचंय. दुसऱ्या एकीने विचारलं, शास्त्रात जंबूद्वीपावर दोन सूर्य, दोन चंद्र सांगितलेत, मग हे काय? मी म्हटलं, ताई, तो निवाडा करायला मी गच्चीवर जात नाही. उत्पाद, व्यय, ध्रौव्य आपण म्हणतो ना, तारा थर सोडतो, नवं रूप घेतो आणि मूळ द्रव्य राहतं, एवढं मला त्या बोराएवढ्या चित्रात दिसलं, तेवढं पुरे.

ह्यांनाही तेच दिसलं असावं. एका संध्याकाळी चित्राकडे बघत म्हणाले, "थर गेले... तरी दिसतंय." मी काही बोलले नाही. त्यांचा उजवा हात हातात घेऊन तेल चोळत होते, ते चोळत राहिले.

आता हिशेबाचं. ह्यांच्या संगणकात पूर्वीच्या चाळीस-बेचाळीस अर्धवट वस्तू आहेत. रोज नवं काहीतरी पकडायचं, कुणालाच पुरेसे तास द्यायचे नाहीत. तोही परिग्रहच. म्हणून परिमाण घातलं. एका ऋतूत तीनच वस्तू, आणि घेतलेली पूर्ण झाल्याशिवाय नवी नाही. नवी उपकरणं आणायची नाहीत. यंदाची पहिली झाली. दुसरी एम ९७, चैत्र-वैशाखात घ्यायची, आमच्याकडून ५१-५२ अंश वर येते. तिसरी वैशाखात मध्यरात्रीनंतर धनु राशीतून वर येणाऱ्या तेजोमेघांतली, पण त्या वेळी मी झोपेन की जागी राहीन, ते बघू. शेजारचा मुलगा म्हणतोय तो जागेल.

मुलाला फोन करून सांगितलं, सामान विकत नाही. तो म्हणाला, "आई, पप्पांना वर जाता येत नाही, मग कशाला?" मी म्हटलं, वर जायला आम्ही दोघं आहोत, काय बघायचं ते सांगायला कुणीतरी खाली लागतं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं सामान चादरीत गुंडाळून पडलं असेल, तर एवढंच सांगते. "आता काही नसतं" हे वाक्य ऐकलं की लगेच मान डोलावू नका. वही घ्या, आपल्या गच्चीवरून, आपल्या अक्षांशावरून तपासा. दक्षिणेला धूर असेल तर डोक्यावर बघा.

काल रात्री दिवा मालवताना हे म्हणाले, "उद्या त्रयोदशी ना?" म्हटलं, "हो, महावीर जयंती. पहाटे लवकर उठायचंय, प्रभातफेरी आहे."

"ते नाही," म्हणाले. "चंद्र हस्ताशी असेल. घुबडाला चालेल. हायड्रोजन लाव."

जय जिनेंद्र.